चोरालाही विलासच आवडला!

आईशप्पथ सांगतो, पुढे जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

बरं, एक जागा आहे. तेवढी सोडून. ती कुठली ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितली तर तुम्ही बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाही.

मी दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरला असतो. "ताई, रंग जाणार नाही, गॅरंटी माझी," हे दिवसभर म्हणून म्हणून जिभेला एक वळण लागतं, ते कबूल. पण किस्से मी बनवत नाही. आमच्या लालबागच्या चाळीत किस्से माळ्यावरच्या सामानासारखे साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात.

आजचे सगळे एकाच माणसाचे. विलास कांबळी. माझ्या समोरची खोली. शाळेत त्याला पुढचा बाक, मला त्याच्यामागचा. आता त्याला केस, मला टक्कल. आरतीला आवाज त्याचा, माझ्या हातात झांज. परळच्या एका खासगी हॉस्पिटलात तो एक्स-रे विभागात मदतनीस आहे. म्हणजे लोकांच्या आतलं बघायचा त्याला पगार मिळतो. मी तेच काम फुकट करतो. गॅलरीत उभा राहून, आणि फक्त त्याच्या घरापुरतं.

तर या विलासचं नाव चोरून कुणीतरी त्याच्या नावाने इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं. असे चोर असतात हे मला माहीतच नव्हतं! आपलं रिटर्न दुसराच कुणी भरतो म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न होता, "पत्ता मिळेल का त्याचा?"

* * *

आमच्या चाळीतल्या बहुतेकांची रिटर्नं मन्या राणे भरायचा. मन्या आमच्या गणपती मंडळाचा खजिनदार. कॉमर्सला बसलेला. पास झाला का, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

दरवर्षी एकच बोंब. पासवर्ड! कुणाला मुलीचा वाढदिवस टाकल्याचं आठवायचं, पण कुठल्या मुलीचा ते नाही. कुणी बायकोचं माहेरचं नाव टाकलेलं, आणि नेमकं तेव्हाच भांडण. मन्या वैतागला. शेवटी मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय आला, आणि चक्क ठराव झाला. सगळ्यांचा पासवर्ड एकच: मंडळाचं नाव, आणि पुढे स्थापनेचं वर्ष. जन्मात कुणी विसरणार नाही!

सूचक, विलास कांबळी. टाळ्या पडल्या. मला हेच सुचलं होतं, पण तो आधी बोलला. मग अनुमोदक म्हणून मीच हात वर केला.

आता मंडळाचं नाव आणि स्थापनेचं वर्ष कुठे लिहिलेलं असतं? चाळीच्या तोंडाशी, कमानीवर. हातभर अक्षरात. गणपतीत तर त्याला लायटिंग, एकेक अक्षर लुकलुकत यायचं. पुलावरून जाणाऱ्या बसमधूनसुद्धा आमचा पासवर्ड वाचता यायचा!

मोबाईल नंबरही मन्याने जमेल तिथे स्वतःचाच टाकला. म्हणजे आपलं खातं कुणी उघडलं तर मेसेज मन्याला. आणि मन्याच्या फोनवर 'सुप्रभात'ची गुलाबं इतकी, की त्याखाली काय दबलंय हे बघायला माणूस लावायला लागेल.

* * *

दुसरी भानगड झेरॉक्सची. रिटर्नसाठी दिलेल्या सगळ्यांच्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्स मंडळाच्या ऑफिसात कपाटावर पडून असायच्या. गणपतीआधी साफसफाई झाली, गठ्ठा रद्दीत गेला.

पुढच्या आठवड्यात मी पुलाखालून शेंगदाणे घेतले. घरी येऊन बायकोबरोबर खाल्ले, पुडी उलगडली, तर आतून विलास बघतोय! वर पॅन, खाली आधार. मिठाचे दाणे गालावर.

माझी बायको रेखा म्हणाली, "अय्या, विलासभाऊजी! झेरॉक्समध्येसुद्धा कसे उठून दिसतात नाही? नाहीतर तुमचं आधार. दाखवलं की समोरचा आधी मला धीर देतो."

मी पुडी घेऊन समोर गेलो. म्हटलं, "विल्या, तुझ्यात शेंगदाणे बांधतायत रे. कुणाच्या हाती लागलं तर?"

त्याने पुडी उजेडाकडे धरली. "फोटो बरा आलाय, ना?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा शेंगदाणे घेतले. तिसऱ्या दिवशीही. एकदा सातवीचा भूगोल निघाला, एकदा कुणाचं तरी लाइटबिल. मी काही निघालो नाही.

* * *

लालबागला राहणाऱ्याला मावश्या किती, हे त्याला गणपतीतच कळतं. वर्षभर फोन न करणारी माणसं रांगेशिवाय दर्शनाचा पास मागतात. विलासकडे त्याच्या हॉस्पिटलच्या साहेबाने मागितला होता, सासूसाठी. माझ्या डोक्यावर रेखाची माहीमची मामी बसली होती.

अशात विलासला फोन आला. "शेजारच्या मोठ्या मंडळाच्या आयटी विभागातून बोलतोय. या वर्षीपासून व्हीआयपी पास ऑनलाइन. तुमच्या आधारवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

विलास गॅलरीत उभा राहून, आरतीच्या आवाजात, एकेक आकडा सुटा करून सांगत होता. सगळी चाळ ऐकत होती. एकानेही "अरे, थांब" म्हटलं नाही. कारण सगळ्यांनाच पास हवा होता!

मी पुढे होऊन म्हटलं, "विल्या, मला पण दे ना रे नंबर. मामी फार मागे लागलीय."

त्याने फोन छातीशी धरला. "सुध्या, जागा कमी आहेत रे. उगाच गर्दी नको."

विसर्जनापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. झांजसुद्धा त्याच्या तालात वाजवली नाही.

पास काही आला नाही. साहेबाच्या सासूबाई रांगेत उभ्या राहिल्या आणि वर विलासलाच प्रसाद आणून दिला. याचं असंच असतं!

* * *

त्या गणपतीला वर्ष होत आलं. विलासची मुलगी श्रुती बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि तिला नर्सिंगला सीट मिळाली. फी माफ होणार होती, पण त्यासाठी बापाच्या उत्पन्नाचा दाखला हवा. दाखल्याला रिटर्नची कॉपी जोडायची. ती काढायला मन्याने मंडळाच्या ऑफिसात कॉम्प्युटर उघडला. विलास, श्रुती आणि मी मागे उभे. मला कुणी बोलावलं नव्हतं.

मन्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"विल्या, तू मासे विकतोस?"

आता विलास माळकरी. याच्या घरात बोंबीलसुद्धा शिजत नाही. पण मन्याने भरलेलं रिटर्न नंतर कुणीतरी सुधारून पुन्हा भरलं होतं, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं: गोठवलेल्या मासळीची निर्यात. उत्पन्नाच्या रकान्यात शून्यं अशी लागलेली, की वाचताना मन्याचं बोट स्क्रीनवरून घसरलं.

श्रुतीच्याच आधी लक्षात आलं. "बाबा, कुणीतरी तुमच्या नावावर मोठं उत्पन्न दाखवलंय. म्हणजे तुमच्याच नावावर मोठं कर्ज उचलता येईल. तुम्ही गणपतीत कुणाला ओटीपी दिलेला का?"

विलासने माझ्याकडे बघितलं. सगळ्या चाळीने ऐकलेलं, नाही म्हणणार कसं?

मी ही बातमी घरी नेली. रेखा भाजी चिरायची थांबली. "बघा! चोरालासुद्धा विलासभाऊजी एक्सपोर्टर शोभतील असं वाटलं. आपल्या नावावर कुणी साधं कर्ज काढत नाही!"

मी बाहेर आलो, तर श्रुती जिन्यात बसलेली. रिटर्नप्रमाणे तिचा बाप श्रीमंत. म्हणजे दाखला नाही, दाखला नाही म्हणजे फी माफ नाही, आणि तेवढी फी कांबळ्यांच्या घरातून निघणं शक्य नाही. सीट दुसऱ्याला जाणार.

एक सांगून ठेवतो. मी विलासवर जळत असेन, त्याच्या पोरीवर नाही. मार्क कळले तेव्हा जरा जळलो होतो, पण ते पेढे खाल्ल्यावर गेलं.

* * *

बातमी खाली पोचली ती हिरामावशीच्या टोपलीपर्यंत. हिरामावशी माहीमच्या कोळीवाड्यातून आमच्याकडे मासळी घेऊन येते. ती तडक वर आली आणि विलासच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रं विलास! माझ्याकरशी कधी पाव किलो मांदेली घेतली नाय, आन दुबईला माल धाडतंस?"

"मावशी, अहो मी माळकरी..."

"माळ गल्यान, आन मासली गोदामान! मना शिकवतंस?"

विलासने ओटीपीपासून सगळं सांगितलं. श्रुतीने सांगितलं. मीही सांगितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण मी सांगितलेलं हिरामावशी खरं मानत नाही. ती टोपली उचलून निघाली, आणि त्या दिवसापासून आमच्या चाळीला सुरमईचा भाव वेगळा लागला. "एक्सपोर्टरची चाल हाय, परवडतंय तुमाना," म्हणे!

मासे न खाणाऱ्या माणसामुळे मला सुरमई महाग पडली. रेखाने त्याचाही दोष मलाच दिला.

* * *

श्रुतीने हातपाय गाळले नाहीत. बापाला पोलिसांत नेऊन सायबरची तक्रार दिली, 'हे रिटर्न माझं नाही' म्हणून इन्कम टॅक्सला कळवलं, पासवर्ड बदलला, आणि बापाच्या नावावर कर्ज निघालंय का तेही तपासून घेतलं. नशिबाने निघालं नव्हतं. टॅक्सच्या ऑफिसातून पुरावे घेऊन या म्हणून बोलावणं आलं.

रिटर्नमध्ये गोदामाचा पत्ता होता, रे रोडचा. विलास म्हणाला, "सुध्या, बघून येऊ या." माझं मन तर त्याच्याआधी पोचलं होतं.

लाकडाच्या वखारींमध्ये एक बंद शटर. वर ताजा रंगवलेला बोर्ड. निळा समुद्र, त्यात हसणारा मासा, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत 'प्रोप्रा. विलास कांबळी'.

विलास बोर्डाकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. माझं नाव आजवर फक्त वीजमीटरवर आहे, तेही खडूने.

"सुध्या, एक फोटो काढ."

"पुराव्यासाठी?"

"पुराव्यासाठी पण." आणि त्याने खिशातून कंगवा काढला!

तेवढ्यात शेजारच्या वखारीचा वॉचमन आला. "किससे मिलना है?"

"विलास कांबळी से," मी म्हटलं.

"वो तो कब से आया नहीं."

विलास छाती पुढे काढून म्हणाला, "मैं ही विलास कांबळी हूँ."

वॉचमनने त्याला चपलेपासून केसांपर्यंत बघितलं. "नहीं नहीं. वो तो बड़े आदमी लगते थे."

त्या सगळ्या प्रकरणात मला मनापासून बरं वाटलं ते तेव्हा. मी त्या वॉचमनला चहा पाजला. वर खारी.

* * *

परळच्या टॅक्स ऑफिसात जायच्या दिवशी विलास मला म्हणाला, "चल सोबतीला." मी दुकानातून सुट्टी काढली. श्रुतीने फाइल करून दिलेली: पोलिसांतली तक्रार, पगाराच्या पावत्या, बोर्डाचा फोटो. फोटोत विलासचा भांग चांगला आला होता.

साहेब तरुण होते, शांत. त्यांनी सगळं वाचलं. "कागद ठीक आहेत. पण नोकरी करून जोडधंदा करणारेही असतात. गोदाम तुमच्या नावाचं, ओटीपीही तुमच्या फोनवरचा. हा धंदा तुमचा नाही हे सांगणारं कुणी आहे?"

विलासने माझ्याकडे बोट केलं. "हा."

मला काही कल्पना नव्हती! पण काउंटरचा माणूस मी, समोर गिऱ्हाईक दिसलं की तोंड आपोआप सुटतं.

म्हटलं, "साहेब, हा एक्सपोर्टर? याचं वॉशिंग मशीन मेव्हण्याचं जुनं. जिन्यातून वर आणत होते तेव्हा कोपऱ्याला पोचे होते, मी मोजायचा प्रयत्न केला. फ्रिजचं दार दोरीने बांधलेलं असतं. सोफ्याचा मागचा पाय म्हणजे वीट आहे, वर टॉवेल टाकतात म्हणून दिसत नाही. दिवाळीचा शर्ट हा मे महिन्यात लग्नाला घालतो, आणि तोच पुढच्या दिवाळीला नवीन म्हणून. ड्यूटीवरून कधी येतो, कधी जातो, सगळं मला ठाऊक. हा गोदामात जायला लागला असता तर चोराच्याही आधी मला कळलं असतं. आणि मासळीचं म्हणाल, तर याच्या दारावरून जाताना मी रोज वास घेतो. नुसती फोडणी असते, साहेब!"

विलास मान खाली घालून बसला होता. विटेचं आलं तेव्हा त्याने डोळे मिटले. मला दिसत होतं. पण थांबवेना. इतकी वर्षं साठवलेलं, आणि पहिल्यांदा कुणीतरी सरकारी माणूस ते टिपून घेत होता!

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला यांचं इतकं सगळं कसं काय माहीत?"

मी म्हटलं, "साहेब, जळतो मी याच्यावर."

साहेब हसले. मग म्हणाले, "आत्ता सांगितलंत ते सगळं लिहून द्या. खाली सही."

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. विलासने बशी संपवली. मग म्हणाला, "विटेचं सांगायची गरज होती का रे?"

* * *

ते मासळीवालं रिटर्न रद्द धरलं गेलं. दाखला मिळाला, सीट राहिली. श्रुती आता पांढरा युनिफॉर्म घालून परळच्या पुलावरून जाते आणि रेखा मला म्हणते, "बघा." मी बघतो.

पण त्याआधी श्रुतीने सगळ्या चाळीला मंडळाच्या ऑफिसात रांगेत उभं केलं. ज्याचा त्याचा वेगळा पासवर्ड, ज्याचा त्याचा मोबाईल नंबर. झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी आणि कुणाला, आणि खाली सही नि तारीख. आधार लॉक करायला शिकवलं. वर्षातून एकदा तरी आपल्या नावावर काय काय दिसतंय ते स्वतः बघायचं. "आणि ओटीपी कुणालाही नाही! बाप्पा स्वतः फोनवर आले तरी नाही!" मन्याने कान पकडले. कमानीवरची लायटिंग तेवढी राहिली. आता तिच्यात धोका नाही.

मग तिने मन्याचा फोन मागून घेतला आणि गुलाबं बाजूला सारत सारत खालचे मेसेज वाचायला लागली. एका ठिकाणी थांबली.

"सुधीरकाका, तुमचंही खातं कुणीतरी उघडलं होतं. गणपतीतच. बाबांच्या आधी, त्याच दिवशी."

काय सांगू तुम्हाला! छाती भरून आली. मी रेखाकडे बघितलं. तिनेही माझ्याकडे बघितलं, लग्नानंतर प्रथमच असं. विलाससुद्धा खुर्ची ओढून पुढे आला.

म्हटलं, "काय केलंय बघ, बघ! मी काय एक्सपोर्ट करतोय? मसाले? साड्या? गोदाम कुठे आहे माझं?"

श्रुतीने माझं खातं उघडलं. वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली.

"काही नाही, काका. काहीच बदललेलं नाही. आले, तुमचं रिटर्न बघितलं असेल, आणि गेले."

ऑफिसात कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

* * *

आता ती खोटी जागा. सांगतो म्हणालो होतो.

शेंगदाण्यांची पुडी खरी. कमान खरी, लालबागला आलात तर दाखवेन. विटेवरचा सोफाही खरा, अजून आहे. चोर माझ्या खात्यात येऊन तसाच गेला, हेसुद्धा खरं, काय करणार.

फक्त साहेबांपुढे "जळतो मी याच्यावर" असं मी म्हटलं नव्हतं. ते मी आजवर कुणापुढेच म्हटलेलं नाही, दाढी करताना आरशापुढेसुद्धा नाही. साहेबांनी "इतकं कसं माहीत?" विचारलं तेव्हा माझी, काउंटरच्या माणसाची, बोलती बंद झाली होती.

उत्तर विलासने दिलं. मान वर न करता.

"साहेब, हा शाळेपासून जळतो माझ्यावर. म्हणून तर याला आणलाय."